उत्तराच्या जागी प्रश्न नको

सोमवार, २ फेब्रुवारी

संपादकबाईंनी सांगितलं म्हणून वही काढली. म्हणाल्या, "काका, एकदम अहवाल लिहायला बसलात तर तुम्ही ग्रंथ लिहाल. त्यापेक्षा रोज चार ओळी टिपून ठेवा." त्यांची टिपणं वेगळी ठेवीन. ही वही माझी. अहवालात जे लिहिता येणार नाही ते इथे.

विषय असा, की आमच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर चुकीची उत्तरं सगळ्यांत वर का जाऊन बसतात. लोक प्रश्न विचारतात, दुसरे लोक उत्तरं देतात, आणि विचारणारा त्यातल्या एका उत्तराखालचं 'पटलं' हे बटण दाबतो. दाबलं की ते उत्तर हिरव्या चौकटीत, सर्वांत वर. पुढे तोच प्रश्न घेऊन येणारे हजार जण तेवढी चौकट वाचतात आणि जातात. आरोग्य विभागात अशा हिरव्या चौकटींबद्दल दोनशे बारा तक्रारी साचल्या आहेत. त्या मी तपासायच्या, कारण चौतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीत उभा होतो आणि निवृत्तीनंतर घरबसल्या हेच काम करतो. महिनाअखेरीला अहवाल द्यायचा. तो वाचून वरचे लोक ठरवणार, आरोग्य विभाग ठेवायचा की गुंडाळायचा.

आज एकोणीस तपासल्या. सतरा तक्रारी खऱ्या निघाल्या. डोळे चुरचुरताहेत. ताईने जेवायला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

एकाने विचारलंय, डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशीच बरं वाटलं, बंद करू का? पाच उत्तरं. चौघांनी सांगितलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. पाचव्याने सांगितलं, आपलं शरीर सांगतं ते ऐका. हिरवी चौकट पाचव्याला. दुसऱ्या एका बाईचा थर्मामीटर फुटला, पारा कसा गोळा करू? पटलेलं उत्तर: लोहचुंबक फिरवा. पारा लोहचुंबकाला चिकटत नाही. तिने फिरवूनही पाहिला नसणार, कारण उत्तर आल्यावर बटण दाबायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. वेळेची नोंद असते आमच्याकडे.

हे बटण आलं तेव्हाची बैठक आठवते. मी म्हटलं होतं, 'बरोबर' लिहा. संपादकबाई म्हणाल्या, "काका, बरोबर कुठलं हे कळत असतं तर त्या माणसाने विचारलं कशाला असतं?" म्हणून 'पटलं' ठरलं. म्हणजे ज्याला त्या विषयातलं काहीच कळत नाही त्यालाच आपण परीक्षक नेमलंय. टिपणात हे वाक्य घातलंय, जरा सौम्य करून.

ताईचं जेवण म्हणजे हल्ली सरकारी काम झालंय. माझं ताट घासून होतं तरी हिचा अर्धा भात तसाच. रात्रीचं तर ती बंदच करत आलीय, पाव चहात बुडवून खाते. मी म्हटलं, हे काय आजाऱ्यासारखं. ती म्हणाली, आवडतं मला.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, एकाहत्तरची. भावजी गेल्यावर सहा वर्षांपूर्वी इथे आली. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत मी आणि माझा कॉम्प्युटर. आजूबाजूच्या इमारतींतले लोक उसवलेले कपडे, बिघडलेल्या चेनी घेऊन येतात. आमचं भांडण होत नाही. तशी बोलणीही फार होत नाहीत. संध्याकाळी ती तिच्या फोनवर आमची साइट वाचत बसते आणि विचारते, "आज काय मूर्खपणा?" मी सांगतो.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सकाळी ताईची ब्लडप्रेशरची गोळी घशात अडकली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी तिला नीट समजावलं. गोळी जिभेच्या मध्यावर ठेवायची, पाण्याचा मोठा घोट घ्यायचा, मान मागे टाकायची नाही, उलट हनुवटी खाली आणायची. खिडकीत हजारो लोकांना सांगितलंय. तिला म्हटलं, एवढी वर्षं गोळ्या घेतेस आणि अजून मान मागे टाकतेस.

"बरं," ती म्हणाली.

तिचं हे 'बरं' मला लहानपणापासून माहीत आहे. त्याच्यापुढे काही बोलता येत नाही.

आज बावीस तक्रारी. पाठ धरली.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आज एका प्रश्नाला मी स्वतःच उत्तर दिलं. तपासनिसाने शक्यतो देऊ नये, पण राहवलं नाही. प्रश्न इथे उतरवून ठेवतो:

"माझ्या ओळखीच्या एका बाईंना ब्लडप्रेशरची गोळी गिळता येत नाही. मोठी असते. कुटून पाण्यातून घेतली तर चालेल का? घरात माहीतगार माणूस आहे, पण त्याला सारखं विचारायला नको वाटतं."

विचारणारीने नाव घेतलंय 'उसवण'. लोक नावंही काय काय घेतात. आणि घरात माहीतगार माणूस असून त्याला विचारायची चोरी, म्हणजे तो माणूस तरी कसा असेल कोण जाणे.

मी 'जुना फार्मासिस्ट' या माझ्या नावाने लिहिलं. पहिलं वाक्य, "प्रश्न अपुरा आहे." मग तीन परिच्छेद. गोळीचं नाव सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं आणि ब्लडप्रेशर धाडकन खाली येतं. कुटू नये. डॉक्टरांना भेटावं, ते दुसरी गोळी देतील. शेवटी एक ओळ, की असले प्रश्न साइटवर विचारण्याऐवजी वेळीच डॉक्टरांकडे गेलं तर सगळ्यांचाच वेळ वाचतो. उत्तर लिहून झाल्यावर बरं वाटलं. फार दिवसांनी काहीतरी सरळ, पूर्ण आणि बरोबर लिहिलं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

डोक्याला ताप. 'उसवण'बाईंनी हिरवी चौकट दिली ती 'हसतमुख' नावाच्या कुणा इसमाला. त्याचं उत्तर: "काही काळजी करू नका हो. माझी आईसुद्धा अशीच होती. मी तिला गोळी कुटून मधातून द्यायचो, छान घ्यायची. तुमच्या त्या बाईंना म्हणावं, घाबरू नका, होतं असं." बस. गोळी कुठली, कशाची, काही नाही.

माझं स्वतःचं उत्तर त्याच प्रश्नावर असल्यामुळे मला ती चौकट काढता येत नाही. तसा नियम आहे. म्हणून रीतसर तक्रार केली. दोनशे तेरावी तक्रार माझी स्वतःची. बाईंनी कळवलं, रांगेत आहे.

फालतू उत्तरं काढायला मात्र मोकळीक असते, ते काम उरकलं. आज सगळ्या विभागातून एकतीस काढली. "मलाही हाच त्रास", "कळलं तर मलाही सांगा", जाहिराती, देवाच्या नावाने आशीर्वाद. 'उसवण'च्या प्रश्नाखालीही एक होतं, कुणी नव्याच माणसाने लिहिलेलं, चार शब्दांचं: "गिळायला कधीपासून त्रास होतोय?" नियम सहा, उत्तराच्या जागी प्रश्न नको. शिक्का मारला, 'हे उत्तर नाही', आणि काढलं. एका कामाचे दहा सेकंद. असं दिवसभर बसलं की बोट दुखतं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

सकाळी चहानंतर ताईला गरगरलं. मशीनवर डोकं टेकून बसली होती. ब्लडप्रेशर घेतलं तर वरचं शहाण्णव, खालचं अठ्ठावन्न. एवढं कमी कधीच नसतं तिचं. यंत्राचे सेल गेले असणार. सेल बदलले, संध्याकाळी पुन्हा घेतलं तर एकशे अडतीस. म्हणजे सेलच. जीव भांड्यात पडला.

स्वयंपाकघरात सकाळी ठकठक चालली होती, वाटीच्या बुडाने काहीतरी चेचत होती ती. मिरी असेल. मी म्हटलं, दळलेली मिळते की बाजारात. ती म्हणाली, "तुला कामं नाहीत का?"

मंगळवार, १७ फेब्रुवारी

एकशे चाळीस झाल्या. आता नुसतं पहिलं वाक्य वाचून सांगू शकतो, कुठल्या उत्तराला चौकट मिळणार. बरोबर उत्तरं "अवलंबून आहे" ने सुरू होतात. चुकीची "हो" किंवा "काळजी करू नका" ने. बरोबर उत्तर माणसाला कामाला लावतं: तपासणी कर, वाट बघ, सोड, ऊठ. चुकीचं उत्तर त्याला बसल्या जागी मोकळं करतं. शिवाय चुकीचं उत्तर आधी येतं, कारण त्याला पुस्तक उघडावं लागत नाही. आणि एकदा बटण दाबलं की विचारणारा परत फिरकत नाही. पुढे काय झालं, बरं वाटलं की वाट लागली, ते सांगायला कुणीही येत नाही. औषधांच्या खिडकीतही असंच होतं. चौतीस वर्षांत परत येऊन 'तुमचं बरोबर निघालं' असं सांगणारे मला तीन जण भेटले.

बाईंशी फोनवर बोललो. म्हणाल्या, "म्हणजे लोकांना फसवून घ्यायला आवडतं असं लिहायचं का काका?" मी म्हटलं, तसं नाही.

ताई आज दिवसभर पडून होती. विचारलं तर मूग गिळून गप्प. बहुतेक शनिवारच्या मिरीवरून रागावली असेल.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

न राहवून 'हसतमुख'ला निरोप पाठवला. आपण कोण, आपलं शिक्षण काय, कशाच्या आधारावर लोकांना औषधं सांगता. भाषा कडक ठेवली.

तासाभरात उत्तर आलं. "मी लिफ्ट दुरुस्त करतो. शिक्षण दहावी. आईला शेवटी दोन वर्षं मीच बघायचो. त्या बाईंचा प्रश्न वाचून वाटलं, त्या फार घाबरल्यात. म्हणून लिहिलं. काही चुकलं का?"

चुकलं, असं मी लिहिलं, आणि का ते तीन परिच्छेदांत समजावलं. त्याने लिहिलं, "अरे बापरे. मग आता त्यांना कसं कळवायचं?" हे त्याने मला विचारलं. त्याच्याबद्दल जो राग होता तो कुठे गेला कळत नाही आणि त्यामुळे आणखीच थकायला झालं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

ताई पडली. सकाळी साडेआठला, स्वयंपाकघराच्या दारात. आवाज ऐकून धावलो तर भिंतीला टेकून बसलेली, चेहरा पांढरा, मनगट धरलेलं. ब्लडप्रेशर एकशे चारच्या पुढे जाईना. तिला तिथेच आडवं केलं, पाय उशीवर ठेवले. पाणी आणायला ओट्याशी गेलो तर एक स्टीलची वाटी दिसली. तळाला पांढरी पूड, चमचा, बाजूला मधाची बाटली, आणि गोळ्यांची पट्टी. पट्टीवरची अक्षरं मला वाचायची गरज नव्हती, मीच आणतो त्या गोळ्या. हळूहळू विरघळणाऱ्याच आहेत.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्याच साइटवर आहे."

मी जमिनीवर बसलो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "मधाने चव बरी लागते."

मनगट मोडलेलं नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली, छोटी दिली. सोमवारी पुन्हा सविस्तर दाखवायला बोलावलंय.

रविवार, २२ फेब्रुवारी

आज बोलणं झालं. इथे जसंच्या तसं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मी त्यात सुधारणा करीन.

मी म्हटलं, "त्या प्रश्नाखाली एक बरोबर उत्तर होतं. स्पष्ट लिहिलं होतं, कुटू नका म्हणून. ते वाचलं नाहीस?"

"वाचलं की. तुझंच होतं ते."

"तुला कसं कळलं?"

"धाकट्या, 'प्रश्न अपुरा आहे' असं दुसरं कोण लिहिणार? शाळेत अभ्यासाच्या वहीतसुद्धा तू बाईंना असं लिहून आला होतास. मार खाल्लास त्याबद्दल."

"मी आहे हे कळूनसुद्धा तू त्या लिफ्टवाल्याचं—"

"लिफ्टवाला आहे का तो? चांगला आहे बिचारा."

मग मला राग आला. चौतीस वर्षं, म्हटलं. आणि घरातल्या घरात तू मला न विचारता एका अनोळखी माणसाला विचारतेस.

"तुला विचारलं होतं मी," ती म्हणाली. "गोळी अडकली त्या दिवशी. तू मान कशी धरायची ते शिकवलंस."

तिचं दुखरं मनगट मांडीवर होतं, त्यावरची पट्टी ती दुसऱ्या हाताने सारखी करत होती. मग म्हणाली, "तुझं उत्तर बरोबर होतं, मला काय कळत नाही? पण त्याच्या शेवटी डॉक्टरकडे जा असं होतं. त्या लिफ्टवाल्याच्या उत्तरात ते नव्हतं."

गोळी बदलायला डॉक्टरकडे जायला एवढं काय घाबरायचं, मी विचारलं. ती उठून आत गेली.

सोमवार, २३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी तिला तपासलं. छातीवर नळी ठेवली, मान चाचपली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही एकाच घरात राहता ना? यांना गिळायला कधीपासून त्रास होतोय?"

मी म्हटलं, "दोन आठवडे झाले. ती मोठी गोळी—"

"ऑक्टोबरपासून," ताई म्हणाली.

ती डॉक्टरांशी बोलत होती, शांतपणे, शिवलेलं काम परत घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी. आधी पाव अडकायचा, म्हणून चहात बुडवायला लागले. मग भात अडकायला लागला, म्हणून हळू जेवायला लागले. गोळी हे सगळ्यात शेवटी. वजन किती उतरलं, डॉक्टरांनी विचारलं. कपड्यांची शिवण दोनदा आत घेतली, ती म्हणाली. तिने मशीनवर स्वतःचे कपडे आत घेतले तेव्हा मी मागच्या खोलीत होतो.

परत येताना रिक्षात म्हणाली, "आईचं असंच झालं होतं. आधी पाव, मग भात, मग पाणी. तू तेव्हा लांब होतास. गोळ्यांची पार्सलं पाठवायचास, प्रत्येक पट्टीवर चिठ्ठी चिकटवून, सकाळी एक, रात्री एक. तिला गिळताच येत नव्हतं हे मी तुला कळवलं नाही. म्हटलं, एवढं नीट लिहून पाठवतोय."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आई झोपेत गेली एवढंच मला माहीत होतं.

शुक्रवारी दुर्बीण घालून तपासणी आहे.

बुधवार, २५ फेब्रुवारी

बाईंना सगळं सांगितलं आणि ती हिरवी चौकट आजच काढायला लावली. त्यांनी लगेच काढली. म्हणाल्या, "काका, अहवाल राहू दे. ताईंकडे बघा." मी म्हटलं, अहवाल होईल. दुसरं काय करायचं असतं, मला माहीत नाही.

चौकट नीट गेली का ते पाहायला तो प्रश्न उघडला. तपासनिसाला काढून टाकलेली उत्तरंही करड्या अक्षरांत दिसतात. एकच होतं. "गिळायला कधीपासून त्रास होतोय?" खाली शिक्का, 'हे उत्तर नाही'. काढणारा, जुना फार्मासिस्ट.

त्या पानावर तीन जणांनी लिहिलं. एकाने धीर दिला, एकाने शहाणपण दिलं, आणि ज्याने डॉक्टरांसारखा पहिला प्रश्न विचारला त्याला मी दहा सेकंदांत बाहेर काढलं. नियमाने बरोबर होतं ते. आजही मला कुणी विचारलं तर नियमाने बरोबरच आहे, असं सांगावं लागेल.

ताईला विचारलं, तू ते पाहिलं होतंस का?

"पाहिलं होतं," ती म्हणाली. "लिहायलाही घेतलं होतं. ऑक्टोबरपासून, आणि आईचं काय झालं ते. चांगलं इतकं मोठं लिहिलं. पाठवायला गेले तर तो माणूस तिथे नव्हताच. मला वाटलं, त्याने विचार बदलला."

मी तिला सांगितलं, कुणी काढलं ते. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझा नियमच असेल."

रागावली असती तर फार बरं झालं असतं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

तपासणी झाली. अन्ननलिका एका ठिकाणी अरुंद झालीय. तिथला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवलाय. डॉक्टर म्हणाले, साधी सूज असू शकते, आम्लामुळे वर्षानुवर्षं होते तशी, दुसरंही असू शकतं, पाहून कळेल. गुरुवारी रिपोर्ट. "अवलंबून आहे," असा शब्दही त्यांनी वापरला. शंभर टक्के योग्य उत्तर दिलं त्यांनी. मला ते ऐकवत नव्हतं. बाकावर बसल्या बसल्या मी फोन काढून शोधायला लागलो, आणि कुणीतरी 'काही नसतं हो, माझ्या आत्यालाही असंच झालं होतं' असं लिहिलंय का ते बघत होतो. एकाने लिहिलं होतं. ते मी चार वेळा वाचलं.

शनिवार, २८ फेब्रुवारी

अहवाल पाठवला. चार पानं. कारणं सगळी लिहिली, आकडे दिले. दोनशे तेरापैकी एकशे शहाऐंशी तक्रारी खऱ्या. शेवटी दोन गोष्टी सुचवल्या. एक, चौकटीतल्या उत्तराबद्दल महिन्याभराने विचारणाऱ्यालाच पुन्हा विचारावं, पुढे काय झालं. दोन, नियम सहा रद्द करावा. त्याचं कारण लिहिताना फार खाडाखोड झाली. शेवटी एवढंच लिहिलं, की काही वेळा विचारणाऱ्याला आपला प्रश्न कुठला आहे हेच सांगता येत नसतं, आणि तो काढून घ्यायला दुसरा माणूस लागतो. मी तो माणूस कधीच नव्हतो हे लिहिलं नाही. ते या वहीत.

संध्याकाळी बाईंचा निरोप आला, "अहवाल पटला." बरोबर आहे का, ते त्यांनी लिहिलं नाही.

'हसतमुख'लाही कळवलं, की त्या बाई बऱ्या आहेत, गोळी बदलली. कोण त्या, ते सांगितलं नाही. त्याने लिहिलं, "बरं झालं सांगितलंत. झोप लागत नव्हती."

मंगळवार, ३ मार्च

रिपोर्ट परवा. घरात आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नाही. काल ताईने मनगट दुखत असताना एका मुलीच्या स्कर्टची चेन बसवून दिली. मी सूप करायला शिकलो. पहिल्या दिवशी खारट झालं, दुसऱ्या दिवशी पाणचट. तिने दोन्ही संपवली, वेळ लावून, आणि मी समोर बसून राहिलो.

दुपारी ती पलंगावर आडवी होती. खिडकीचा पडदा ओढलेला. मी तिच्या नव्या गोळ्या डब्यात भरत होतो. तिने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, "गाठ असेल का रे?"

मला माहिती आहे सगळी. हे वय, वजन उतरणं, आईचा इतिहास, पाच महिन्यांचा त्रास, शक्यता किती आणि कशाच्या. दोन दिवस मी तेच वाचतोय. ते सगळं जिभेवर आलं, पहिल्या वाक्यासकट. दुसरं उत्तरही तयार होतं, त्या आत्याचं. 'काही नसतं गं.' ते मी तिला दिलं असतं तर तिने घेतलं असतं, बरं म्हणाली असती आणि डोळे मिटले असते. मला ते द्यायचं होतं. फार द्यायचं होतं.

डबा खाली ठेवला. म्हटलं, "मला माहीत नाही, ताई."

ती वळली. उशीवरून माझ्याकडे बघत राहिली, जरा वेळ, अगदी निरखून. मग पाय आखडून घेतले आणि पलंगाच्या कडेला जागा केली.

"मग बस इथं," ती म्हणाली. "आईचं सांगते तुला, कसं कसं झालं ते."

मी बसलो. ती पाच वाजेपर्यंत बोलत होती.